व्हिएतनामी दरबारी संबोधनं मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

३ जून

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवतो. आमच्या अभिवाचन गटाने एक व्हिएतनामी नाटक मराठीत वाचायचं ठरवलं आहे. तीन अंक आणि तीन काळ. पहिला अंक १२५७-५८ सालचा, मंगोल फौज चालून आली तेव्हाचा, ट्रन राजांच्या दरबारातला. दुसरा अठराव्या शतकातला, राजा ले घराण्याचा पण सत्ता ट्रिन्ह घराण्याच्या हातात, अशा दुहेरी कारभाराचा. तिसरा ऑगस्ट १९४५ मधला, ह्वे शहरातला, शेवटचा सम्राट बाओ दाई सिंहासन सोडतो त्या दिवसांचा. संवादांचं भाषांतर दोघांनी वाटून घेतलं आहे. माझ्याकडे एकच भाग आहे: राजाशी, राणीशी, राजपुत्राशी बोलताना आणि त्यांच्याबद्दल बोलताना वापरलेले जुने आदराचे शब्द. त्यांचा तक्ता करायचा आणि तो तिन्ही अंकांत लावायचा.

साधनं: संगणकावरचा साधा तक्ता, दाव झुई आन्ह यांचा १९३२ सालचा हान-व्हिएत शब्दकोश (चिनी मुळाच्या शब्दांसाठी आजही हाच हाताशी लागतो) आणि ह्वेमधल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या व्हिडिओ कॉलवर शंका सोडवतात. शब्दकोशाच्या प्रतीपेक्षा टपालखर्च जास्त पडला. पुढे कोणी हे करणार असेल तर ओळखीच्या कोणाबरोबर प्रत मागवावी.

५ जून

पहिली फेरी जलद उरकली. नाटकात सम्राटासाठी येणारे शब्द गोळा केले: बे हा, होआंग थुओंग, थान्ह थुओंग, दुक किम थुओंग, ङाइ ङु. सगळ्यांसमोर ‘महाराज’ लिहिलं. जिथे शब्द जड वाटला तिथे ‘महाराजाधिराज’, ‘सार्वभौम महाराज’ अशी भर घातली. राजपुत्रासाठीचा ‘दिएन हा’ झाला ‘युवराज’. राजा स्वतःबद्दल बोलतो तो ‘ट्रम’ झाला ‘मी’. मंत्री स्वतःला म्हणवतो तो ‘थन’ झाला ‘मी, आपला सेवक’.

संध्याकाळी गटात पहिली चार पानं मोठ्याने वाचली. कुठल्या तरी पौराणिक मालिकेतला दरबार ऐकल्यासारखं वाटलं. सगळी पात्रं सतत राजाचं कौतुक करत आहेत, असा सूर लागला. मूळ संवाद तसे नाहीत. मूळ संवाद तोकडे आहेत, जवळजवळ कोरडे.

९ जून

शिक्षिकांशी दीर्घ बोलणं झालं. व्हिएतनामीत ‘तू’ आणि ‘मी’ यांसाठी सरसकट चालणारी सर्वनामं नाहीत, नात्याचे शब्दच सर्वनामांचं काम करतात. मी त्यांना ‘को’ म्हणतो (आत्या, किंवा शिक्षिका) आणि स्वतःला ‘एम’ (धाकटं भावंड, विद्यार्थी). त्या मला ‘एम’ म्हणतात आणि स्वतःला ‘को’. बाजारात, शाळेत, घरात सगळीकडे हीच रीत. राजदरबार ही एकच जागा अशी होती जिथे नातं बाहेर ठेवून पायरी आत आणली जाई.

त्यांनी ‘बे हा’ फोडून दाखवला. ‘बे’ म्हणजे सिंहासनाच्या चौथऱ्याच्या पायऱ्या. ‘हा’ म्हणजे खाली. हा शब्द राजाला उद्देशून नाहीच. पायऱ्यांच्या खाली उभ्या असलेल्या सेवकाला तो उद्देशून आहे: तुमच्यामार्फत वरती कळवा. राजाशी थेट बोलण्याची सोय नव्हती म्हणून बोलणं पायरीपाशी थांबतं. ‘दिएन हा’ तसाच, महालाच्या खाली. मोठ्या अधिकाऱ्यासाठी ‘काक हा’, त्याच्या वाड्याच्या खाली. बरोबरीच्या मित्राला पत्रात ‘तुक हा’, पायांच्या खाली. म्हणजे ‘हा’ सगळीकडे तोच, बदलते ती समोरची इमारत. सिंहासनाच्या पायऱ्या, महाल, वाडा आणि शेवटी नुसते पाय.

यातून माझ्या पहिल्या फेरीचा दोष सापडला. मी विशेषणं वाढवून मान वाढवायला गेलो. या भाषेत मान वाढतो तो थेटपणा काढून घेतल्याने. राजाचं नाव नाही, त्याचा चेहरा नाही, त्याच्याकडे बोट नाही. त्याच्या चेहऱ्याला ‘लाँग न्यान’ म्हणायचं, ड्रॅगनचं मुख. देहाला ‘लाँग थे’, पलंगाला ‘लाँग सांग’, झग्याला ‘लाँग बाव’. राजाचा आजार सांगायचा तोही ‘ड्रॅगन-देह’ बरा नाही असा. माणसाचा उल्लेख कुठेच येत नाही.

तक्त्यातली ‘सार्वभौम’ वगैरे सगळी भर खोडली.

१० जून

मराठीत थेटपणा काढायला काय आहे ते शोधलं. आहे, भरपूर आहे. ‘आज्ञा झाली’, कर्त्याशिवाय. ‘स्वारी निघाली’, कोणाची ते न सांगता. ‘मर्जी खप्पा झाली’. ‘स्वामींचे सेवेसी विनंती’. तृतीय पुरुषात बोलणं: ‘महाराजांनी चिंता करू नये’, महाराज समोर बसलेले असताना. हे सगळं बखरींत आणि जुन्या पत्रांत आहे. पेशवाईवरची नाटकं ऐकलेल्या श्रोत्याच्या कानाला ते ओळखीचं आहे.

म्हणून तक्त्याची रचना बदलली. आधी शब्दासमोर शब्द होता. आता स्तंभ असे: कोण बोलतो, कोणाशी, कोणासमोर, मूळ शब्द, मराठीत शब्द की क्रियापदाचं रूप. बहुतेक ठिकाणी शेवटच्या स्तंभात क्रियापद आलं. संबोधनाचं वजन नामातून काढून क्रियापदावर टाकलं की वाक्य हलकं होतं आणि मान तसाच राहतो.

क्रियापदांच्या जोड्या मूळ भाषेतही तयार होत्या. खालून वर बोलणं ‘तौ’, वरून खाली बोलणं ‘फान’. खालून वर देणं ‘झांग’, वरून खाली देणं ‘बान’. मराठीत अनुक्रमे: अर्ज करणं, आज्ञा होणं, नजर करणं, बहाल होणं. नीट बसल्या.

१४ जून

फारसी शब्द ठेवायचे की नाहीत यावर गटात वाद झाला. एकाचं म्हणणं, ‘हुजूर’, ‘तख्त’, ‘अर्ज’, ‘बहाल’ ऐकलं की मोगल दरबार उभा राहतो, व्हिएतनामचा नाही. दुसऱ्याचं म्हणणं, संस्कृत शब्द घातले की पुन्हा पौराणिक मालिका. मला दोघांचं थोडं थोडं पटलं. शिवराज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश घडवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी बखरींत आणि पत्रांत फारसी शब्द राहिलेच, कारण ते तोपर्यंत मराठी झाले होते. ठरवलं असं: ‘हुजूर’ आणि ‘जहाँपन्हा’ नको. ‘अर्ज’, ‘बहाल’, ‘स्वारी’, ‘मर्जी’ चालतील. ‘तख्त’ नको, ‘सिंहासन’ हवं, कारण व्हिएतनामी ‘ङाय वांग’ म्हणजे सोन्याचं आसन, आणि १९४५ च्या अंकात तेच मंचावर मध्यभागी आहे.

१८ जून

पहिला अंक. या अंकाचा कणा म्हणजे ट्रन थु दो आणि राजा ट्रन थाय तोंग यांच्यातली दोन वाक्यं. मंगोल फौज आत घुसली आहे, राजा नावेत बसून माघार घेत आहे. एका राजपुत्राला विचारलं तर त्याने नावेच्या कडेवर पाण्याने दोन अक्षरं काढली: सोंग देशात, म्हणजे चीनमध्ये, आश्रय घ्या. मग राजाने थु दोला विचारलं. इतिहासात नोंदलेलं त्याचं उत्तर असं: थनाचं मस्तक अजून जमिनीवर पडलेलं नाही, बे हांनी दुसरी कसली चिंता करू नये.

थु दो हा राजाचा चुलत काका. घराण्याला सिंहासन मिळवून दिलं ते त्यानेच. १२२५ मध्ये ली घराण्याच्या शेवटच्या राणीने आपल्या नवऱ्याला, म्हणजे याच राजाला, राज्य सोपवलं ते थु दोच्या योजनेने. असा माणूस पुतण्यासमोर स्वतःला ‘थन’ म्हणवतो. घरात तो काका, नावेतही काका, पण तोंड उघडलं की सेवक.

माझं पहिलं भाषांतर होतं: ‘महाराज, या सेवकाचं डोकं अजून धडावर आहे.’ यात शौर्य आलं, पायरी गेली. ‘धडावर आहे’ हे बरोबरीच्या माणसाने छाती काढून म्हणावं तसं वाटतं. दुसरं: ‘सेवकाचं मस्तक अजून जमिनीला लागलेलं नाही. तोवर महाराजांनी दुसरी चिंता करू नये.’ हे राहिलं. ‘तोवर’ आम्ही घातला, मुळात नाही, पण मराठीत दोन वाक्यं त्याशिवाय जुळत नव्हती.

याच अंकात आणखी एक अडचण. संहितेत एक सेनापती राजाला ‘थाय तोंग’ म्हणून हाक मारतो. ‘थाय तोंग’ हे राजाचं मंदिरनाव आहे, पूर्वजांच्या देवळात मृत्यूनंतर मिळणारं. जिवंत राजाला ते कोणी उच्चारणं शक्यच नाही. राजाचं जन्मनाव ट्रन कान्ह, तेही कोणी उच्चारणार नाही. दरबारात त्या काळी ‘क्वान जा’ हा शब्द चालत असे. लेखकाला कळवलं, त्यांनी लगेच मान्य केलं. पुढे असं काम करणाऱ्याने संहितेतली नावं आधी तीन गटांत वाटून घ्यावीत: जन्मनाव, राजवटीचं नाव, मृत्यूनंतरचं नाव. व्हिएतनामी इतिहासाच्या पुस्तकांत हे तिन्ही मिसळलेले असतात आणि संवादात मात्र त्यांतलं जवळजवळ एकही चालत नाही.

२३ जून

या अंकात निवृत्त राजाही आहे. ट्रन घराण्यात राजा मुलाला सिंहासन देऊन स्वतः ‘थाय थुओंग होआंग’ होई आणि मागे राहून कारभार बघे. म्हणजे दोन राजे, दोघांनाही मान, पण मान सारखा नाही. मी दोघांना ‘महाराज’ आणि ‘थोरले महाराज’ केलं. ‘थोरले’ ऐकल्यावर श्रोत्याला मोठा भाऊ वाटेल का, अशी शंका एका वाचकाने काढली. पहिल्या प्रवेशात एकदा ‘वडील महाराज’ म्हणून घेतलं, पुढे ‘थोरले’.

२५ जून

देवनागरीत लिहिण्याचा प्रश्न डोक्यावर बसला. गटाला मूळ शब्दही तक्त्यात हवे आहेत, कारण काही ठिकाणी ते तसेच म्हणायचे आहेत. देवनागरी या भाषेला एका बाबतीत फार चांगली बसते: थ, ख आणि ङ हे तिन्ही व्हिएतनामीत हवे असतात आणि आपल्याकडे आहेत. ‘ङाइ’ लिहायला अडचण नाही, वाचायला सराव लागतो. पण शब्दाचा अर्थ बदलणारे सहा सूर कुठे दाखवायचे?

दुसऱ्या अंकात हे अंगाशी आलं. ‘चुआ’ म्हणजे सत्ताधीश, ट्रिन्ह घराण्याचा प्रमुख. दुसऱ्या सुरात ‘चुआ’ म्हणजे बौद्ध मठ. सपाट सुरात ‘चुआ’ म्हणजे आंबट. तक्त्यात ‘चुआ’ शोधलं की तिन्ही येत, आणि मी ‘चुआला जाऊन विनंती केली’ या ओळीत मठ समजून बसलो होतो. सहकाऱ्याने संदर्भावरून पकडलं. त्यानंतर प्रत्येक अक्षरामागे सुराचा आकडा टाकला, १ ते ६. सपाट १, उतरता २, चढता ३, पुढे याच क्रमाने. श्रोत्यासाठी नाही, फक्त तक्त्यात शोधण्यासाठी. आधीपासून टाकला असता तर सगळी यादी पुन्हा करावी लागली नसती.

‘बे हा’ मधला ‘हा’ आणि ‘बांग हा’ मधला ‘हा’ असेच वेगळे. पहिला म्हणजे खाली. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सम्राटाचं निधन.

काही शब्द तर सुरासकट सारखे आहेत, तिथे आकडाही उपयोगाचा नाही. ‘थन’ म्हणजे राजाचा सेवक आणि ‘थन’ म्हणजे देव. ‘को’ म्हणजे आत्या किंवा शिक्षिका, आणि ‘को’ म्हणजे जुन्या काळी राजा स्वतःला म्हणवत असे तो शब्द, ‘एकाकी, पोरका’. राजा स्वतःला ‘क्वा न्यन’ही म्हणवत असे, ज्याच्याजवळ गुण कमी आहेत असा माणूस. मूळ चिनी अक्षरं बघितली की वेगळेपण कळतं, म्हणून तक्त्यात चिनी अक्षराचा एक स्तंभ घातला. शब्दकोश खरा उपयोगी पडला तो इथे.

२ जुलै

उच्चार उत्तरेचा घ्यायचा की ह्वेचा, यावर बराच वेळ गेला. आधी हनोईचा घेतला होता. पण तिसरा अंक ह्वेमधला आणि सल्ला देणाऱ्या शिक्षिका ह्वेच्या. ‘ट्र’ हनोईत ‘च’च्या जवळ जातो, ह्वेमध्ये मूर्धन्य राहतो. मराठी वाचकाला ‘ट्रन’ पुस्तकांतून माहीत आहे, ‘चन’ नाही. ‘ट्र’ ठेवला. रूढ झालेली नावं, न्गुयेन, बाओ दाई, हो ची मिन्ह, हातही लावला नाही. या बाबतीत फार शुद्धतेच्या मागे लागू नये, असं आता ठाम वाटतं.

रोमन लिपीतून व्हिएतनामी लिहिण्याची पद्धत सतराव्या शतकात जेसुइट पाद्रींनी बांधली. तिचा पहिला मोठा शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. तो करणारा आलेक्सांद्र द रोद पूर्वेकडे जाताना १६१९ मध्ये गोव्याला उतरला होता. सुरांच्या खुणा कशा बसवायच्या हा आमचा प्रश्न त्यांनी कधीच सोडवून ठेवला आहे. फक्त त्यांच्या खुणा देवनागरीवर चढत नाहीत.

६ जुलै

दुसरा अंक. राजा ले घराण्याचा, त्याला ‘बे हा’. सत्ता ट्रिन्ह ‘चुआ’कडे, त्याला ‘चुआ थुओंग’ किंवा ‘दिएन हा’. राजाचा वारस ‘थाय तु’, चुआचा वारस ‘थे तु’. राजाचा महाल ‘कुंग’, चुआचा ‘फु’. प्रत्येक शब्दाची जुळी जोडी आहे आणि प्रत्येक जोडीत चुआ एक पायरी खाली, जरी सैन्य आणि खजिना त्याच्याच हातात असला तरी.

गटात सगळ्यांना एकदम सातारा आणि पुणे आठवलं. छत्रपती तिथे, कारभार इथे. ‘चुआ’ला ‘श्रीमंत’ करावं अशी सूचना आली आणि ऐकायला ती फार छान वाटली. मी नको म्हटलं. ट्रिन्ह चुआंना ‘वुओंग’ ही राजाची पदवी होती आणि ती त्यांच्या घराण्यात चालत आली. पेशव्यांना राजपद कधीच नव्हतं. ‘श्रीमंत’ म्हटल्याबरोबर श्रोता आपल्या इतिहासात जाईल आणि दोन तास तिथून परतणार नाही. सम्राट ‘महाराज’ आणि चुआ ‘राजे’ असं ठेवलं. वारसासाठी ‘युवराज’ आणि ‘राजकुमार’. बरोबरीचं वाटतं पण नाही, आणि प्रसंगाला हेच हवं आहे.

या अंकात एक शिपाई चुआला ‘वान त्वे’ असा जयघोष करतो आणि दरबार गोठतो. ‘वान त्वे’ म्हणजे दहा हजार वर्षं, तो फक्त सम्राटासाठी. इतर राजघराण्याला ‘थिएन त्वे’, हजार वर्षं. मराठीत ‘उदंड आयुष्य’ केलं तर प्रसंगच मरतो. म्हणून आकडे ठेवले: ‘दहा हजार वर्षं!’ आणि नंतर घाबरून, ‘हजार वर्षं, हजार वर्षं!’ वाचनात फार चांगलं जमलं.

९ जुलै

मृत्यूचे शब्द. सम्राट गेला तर ‘बांग हा’ किंवा ‘थांग हा’. ‘बांग’ म्हणजे डोंगर कोसळणं. मांडलिक राजा गेला तर ‘होआंग’, आणि हा सम्राटाच्या ‘होआंग’पेक्षा वेगळा, पुन्हा आकड्यांवर भिस्त. सामान्य माणसासाठी साधा ‘चेत’. चिनी विधिग्रंथांत या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि व्हिएतनामच्या इतिहासकारांनी त्या पाळल्या. एखाद्या राजाला गादीचा खोटा दावेदार मानायचं असेल तर त्याच्या मृत्यूला खालचा शब्द वापरला की पुरे.

मराठीत ‘कैलासवासी’ आणि ‘वैकुंठवासी’ बाद, देवता आत येतात. ‘देवाज्ञा झाली’ही त्याच कारणाने नको. शिडी अशी लावली: सम्राट निवर्तले, राजे कालवश झाले, मंत्री वारले, शिपाई मेला. ‘निवर्तले’ हा शब्द आता कमी ऐकू येतो. पण वाचनात त्यावर आपोआप गंभीरपणा येतो.

१५ जुलै

तिसरा अंक, ह्वे. शिक्षिकांनी पहिली दोन पानं वाचून सांगितलं की यातले निम्मे शब्द दूरदर्शन मालिकांचे आहेत. ‘फु होआंग’ (पिता-सम्राट), ‘माउ हाउ’ (माता-राणी), ‘नुओंग नुओंग’ हे सगळं चिनी पोशाखी मालिकांच्या भाषांतरांतून मुरलं आहे. राजमाता स्वतःला ‘आय जा’ म्हणवते तेही रंगभूमीचं, आणि तिथेही फक्त विधवेसाठी. ह्वेच्या लोकांच्या तोंडी सम्राट म्हणजे ‘ङाइ ङु’. बाओ दाईंची आई म्हणजे ‘दुक तु कुंग’. ‘दुक’ म्हणजे सद्गुण, आणि नावाआधी लावला की आपल्या ‘श्री’सारखा वाटतो पण वजन कितीतरी जास्त, कारण बुद्धालाही तोच लावतात.

राजघराण्यातल्या कोणालाही, पुरुष असो वा बाई, ह्वेमध्ये ‘मे’ म्हणत. ‘मे’ म्हणजे ह्वेच्या बोलीत आजी. एका म्हाताऱ्या दासीच्या तोंडी तरुण राजपुत्राला ‘मे’ म्हणून हाक आहे. मराठीत ती ‘आजी’ करता येत नाही, ‘आईसाहेब’ही नाही. शब्द तसाच ठेवला आणि दासीच्या त्याच ओळीत ‘थोरा घरचं लेकरू’ असं जोडून दिलं.

‘राणीसाहेब’ बघून वापरावं लागतं. न्गुयेन घराण्यात (१८०२ ते १९४५) बहुतेक सम्राटांनी पत्नीला हयातीत ‘होआंग हाउ’, म्हणजे सम्राज्ञी, हे पद दिलं नाही. १९३४ मध्ये बाओ दाईंनी नाम फुओंगना लग्नाबरोबर ते दिलं, म्हणून दरबारात त्याची एवढी चर्चा झाली. तेव्हा तिसऱ्या अंकात ‘सम्राज्ञी’ चालेल, पण दासी जेव्हा तु दुक सम्राटाच्या काळाची आठवण सांगते तिथे नको. तिथे राजमाता तु झु यांना ‘होआंग थाय हाउ’, तर सम्राटाच्या स्त्रियांना नऊ दर्जांतल्या पदव्या.

१९ जुलै

नावं टाळण्याची रीत, ‘की ह्वी’. दासी फुलाला ‘होआ’ म्हणत नाही, ‘बोंग’ म्हणते. शिक्षिकांनी कारण सांगितलं: सम्राट थिएउ ट्री यांच्या आईचं नाव हो थी होआ. त्यांच्या राजवटीत हा उच्चार निषिद्ध झाला. ह्वेचा दोंग होआ बाजार दोंग बा झाला, थान्ह होआ प्रांताच्या नावातला सूर बदलला, सायगावात ‘होआ’ पूल ‘बोंग’ पूल झाला. ही नावं आजही तशीच आहेत. दक्षिणेत ‘होआंग’ आडनाव ‘ह्विन्ह’ झालं ते न्गुयेन होआंग या पूर्वजासाठी, ‘फुक’चा ‘फुओक’ झाला तो घराण्याच्या आडनावासाठी. त्याआधी ट्रन राजांनी तर १२३२ मध्ये ली आडनावाच्या लोकांना न्गुयेन व्हायला लावलं. निमित्त पूर्वजाच्या नावाचं, हेतू जुन्या घराण्याची आठवण पुसण्याचा.

मराठीत हे समजावायला फार कष्ट नाहीत. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका आणि त्यासाठीचे उखाणे सगळ्यांच्या घरात होते. फरक एवढाच की इथे एका बाईचं नाव सगळ्या देशाने टाळायचं. दासी ‘फूल’ म्हणता म्हणता थांबते आणि ‘कळी’ म्हणते, असं केलं. एका ओळीत तिच्याबरोबरची दुसरी दासी हळूच विचारते, ‘फूल का नाही म्हणत?’ ही ओळ लेखकाच्या परवानगीने घातली.

२२ जुलै

पात्रांच्या वयाची तपासणी. मिन्ह मांग सम्राटाने १८२३ मध्ये वंशजांच्या नावांसाठी वीस अक्षरांची कविता ठरवून दिली: मिएन, होंग, उंग, बुउ, विन्ह, बाव, पुढे अशीच. प्रत्येक पिढीला एक अक्षर. थिएउ ट्री म्हणजे मिएन तोंग, तु दुक म्हणजे होंग न्यम, बाओ दाई म्हणजे विन्ह थ्वी, त्यांचे वडील बुउ दाव. संहितेत बाओ दाईंच्या काकाचं नाव ‘विन्ह’ने सुरू होत होतं, म्हणजे तो काका नसून भाऊबंद. ‘बुउ’ केलं. त्याच्याशी बोलण्याची सगळी रूपं त्यामुळे बदलली आणि दोन प्रवेश पुन्हा बघावे लागले. घराण्यातल्या पात्रांची नावं पहिल्याच दिवशी या कवितेशी ताडून घ्यावीत, नंतर नको.

२७ जुलै

‘ट्रम’. सम्राटाचा ‘मी’. चीनच्या पहिल्या सम्राटाने इसवीसनापूर्वी २२१ मध्ये तो स्वतःपुरता राखून ठेवला, त्याआधी कोणीही वापरत असे. मराठीत ‘आम्ही’ हाच पर्याय, आपल्या राजांनीही तोच वापरला. पण तिसऱ्या अंकात तो अडतो. राज्यत्यागाच्या घोषणेतलं गाजलेलं वाक्य आहे: ट्रमाला गुलाम देशाचा राजा होण्यापेक्षा स्वतंत्र देशाचा नागरिक व्हायचं आहे. ‘आम्हाला व्हायचं आहे’ म्हटलं तर मागे उभ्या मंत्र्यांसकट सगळे नागरिक होऊ पाहतात असा अर्थ निघतो. मूळ शब्द एकाच माणसाचा आहे आणि तो एकटा आहे.

बरेच पर्याय वाचून पाहिले. ‘खुद्द आम्हाला’ नाटकी. ‘ट्रमाला’ श्रोत्याला कळत नाही. शेवटी पहिल्या अंकापासूनच राजे स्वतःला ‘आम्ही’ म्हणतील पण क्रियापदाची जागा नामाने भरायची, असं ठरलं: ‘गुलाम देशाचा राजा राहण्यापेक्षा स्वतंत्र देशाचा नागरिक व्हावं, ही आमची इच्छा.’ ‘आमची इच्छा’त अनेकवचन टोचत नाही. बाकी सगळीकडेही याच रूपाने बदललं.

३० ऑगस्ट १९४५ ला ङो मोन दरवाजावर त्यांनी राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन केली. त्यानंतर ते ‘नागरिक विन्ह थ्वी’, आणि थोड्याच दिवसांत ‘सल्लागार विन्ह थ्वी’. म्हणजे ज्या नावाचा उच्चार कोणी करत नव्हतं तेच नाव सरकारी कागदावर आलं. नाटकात त्या क्षणानंतर बाओ दाई पहिल्यांदा ‘मी’ म्हणतात. एकदाच. त्यावर काहीही स्पष्टीकरण घातलं नाही.

३१ जुलै

या अंकातली एक गोष्ट अजून शोधत आहे. १९३२ मध्ये फ्रान्सहून परतल्यावर बाओ दाईंनी अधिकाऱ्यांनी जमिनीला डोकं टेकवण्याची प्रथा बंद केली. पण म्हातारी दासी वाकतेच. वाचनात शरीर दिसत नाही, म्हणून तिच्या वाक्यांत ‘पायाशी’, ‘चरणांपाशी’ हे शब्द ठेवले आणि तरुण सचिवाच्या वाक्यांतून काढले.

४ ऑगस्ट

जुन्या दरबारी कागदांत सम्राटाशी संबंधित शब्द आला की लेखक ओळ तिथेच तोडत, आणि नव्या ओळीवर, इतर ओळींपेक्षा वर उचलून तो शब्द लिहीत. न्गुयेन दरबाराचे कागद, ‘चौ बान’, ज्यांवर सम्राट लाल शाईने शेरे मारीत, हनोईच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपले आहेत आणि युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहेत. त्यांच्या छायाचित्रांत हे वर उचललेले शब्द लांबूनही दिसतात.

हे वाचनात कसं आणायचं यावर बरेच दिवस विचार चालू होता. आज उत्तर सापडलं. छापील प्रतीत प्रत्येक राजशब्दाआधी एक उभी रेघ टाकली. वाचकाने तिथे अर्धा श्वास थांबायचं. ‘सेवकाचा अर्ज, | महाराजांनी ऐकावा.’ आवाज मोठा नाही, लहेजा वेगळा नाही, फक्त थांबा. पहिल्या अंकाची तालीम घेतली. जुन्या प्रतीतली पाच-सहा संबोधनं या थांब्यामुळे नकोशी झाली, ती कापली.

जो सहकारी सेनापतीचं वाचन करतो त्याला हे जमायला वेळ लागला. तो थांबला की पुढचा शब्द जोरात येई. त्याला रेघेऐवजी मोकळी जागा देऊन पाहिली, मग जमलं.

११ ऑगस्ट

सध्याची स्थिती. पहिला आणि दुसरा अंक झाला. तिसऱ्यात नाम याव वेदीवरचा प्रवेश उरला आहे, जिथे सम्राट आकाशाला पूजा अर्पण करतो. तिथे तोच सम्राट आकाशापुढे स्वतःला ‘थन’ म्हणवतो, जो शब्द बाकी सगळे त्याच्यासमोर वापरतात. थु दोच्या ओळीत ‘थन’ म्हणजे ‘सेवक’ केला आहे, म्हणून इथेही ‘सेवक’च हवा, दुसरा शब्द घेतला तर दुवा तुटेल. पण ‘आम्ही’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘सेवक’ एकवचनात येतो आणि वाक्याची सगळी क्रियापदं बदलतात. ती बदलून उद्या शिक्षिकांना वाचून दाखवायची आहेत.

तक्ता ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी: सुरांचे आकडे आणि चिनी अक्षरांचा स्तंभ काढू नका, दिसायला गचाळ वाटले तरी. छपाईला सोळा पॉइंटचं अक्षर आणि दीड ओळीचं अंतर लागतं, नाहीतर रेघा अक्षरांत हरवतात.